वाचक विचारतात : क्वाडची ताकद नंतर, आधी तिचा प्ले

स्पोर्ट क्वाडबद्दल यावेळी अमेरिकेतून, आखातातून आणि कोकणातून पत्रं आली आहेत. शेतात ट्रॉली ओढणारी जड युटिलिटी एटीव्ही इथे अभिप्रेत नाही. पायाने गिअर, हाताने क्लच, चेनने फिरणारा मागचा सलग ॲक्सल आणि लांब शॉक्स असलेली हलकी, चार चाकांची गाडी, तिच्याबद्दल हे प्रश्न आहेत. बहुतेकांना गाडी जोरदार करायची आहे. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो: जंगलातल्या अरुंद, दगडी वाटेवर ताकद क्वचितच कमी पडते. कमी पडतात ते प्ले (म्हणजे मोकळी हालचाल) नसलेले घट्ट सांधे, स्वच्छ हवा आणि नीट बसवलेले शॉक्स.

प्रश्न: मी मिशिगनमध्ये राहतो. २००६ ची होंडा टीआरएक्स ४००ईएक्स वापरलेली घेतली आहे. चालू होते, पळते. ट्रेलवर नेण्याआधी काय काय बघू?

चांगली गाडी निवडलीत. १९९९ पासून आलेलं हे ३९७ सीसीचं हवेने थंड होणारं इंजिन दणकट आहे, आणि २००५ पासून तिला रिव्हर्स गिअरही आहे. तुमच्या गाडीत तो असणार. तरी आधीच्या मालकाने काय केलं ते कळायला मार्ग नसतो, म्हणून पहिल्या दिवसापासून सगळं स्वतः तपासा.

ऑइलपासून सुरू करा. हे ड्राय संप इंजिन आहे, म्हणजे ऑइल वेगळ्या टाकीत राहतं. गाडी बरेच दिवस उभी राहिली की टाकीतलं ऑइल झिरपून इंजिनात उतरतं आणि डिपस्टिक कोरडी दिसते. इथेच लोक फसतात. ऑइल कमी आहे असं समजून अर्धा लिटर ओततात, मग इंजिन चालू झालं की जास्तीचं ऑइल हवेच्या डब्यात येतं, फिल्टर भिजतो, गाडी धूर सोडते. बरोबर पद्धत अशी: इंजिन गरम करा, तीन ते पाच मिनिटं आयडलवर चालू ठेवा, बंद करा, गाडी सपाट जागी असताना डिपस्टिक पुसून आटे न फिरवता नुसती टेकवून बघा.

ऑइल बदलताना दोन ड्रेन बोल्ट उघडावे लागतात, एक इंजिनाच्या तळाचा आणि एक ऑइलच्या टाकीचा. एकच उघडला तर बरंच जुनं ऑइल आतच राहतं. भरायला साधारण १.८ लिटर लागतं. नेमका आकडा तुमच्या वर्षाच्या मॅन्युअलमधून घ्या. ऑइल १०डब्ल्यू-४० आणि डब्यावर जासो एमए (ऑइलमध्ये बुडणाऱ्या क्लचसाठीचं मानक) लिहिलेलं हवं. क्लच याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्यामुळे मोटारीचं घर्षण कमी करणारं ऑइल टाकलं तर क्लच घसरायला लागतो. ऑइलचा फिल्टर बसवताना आधी स्प्रिंग आत, आणि मग फिल्टरची ‘आउटसाइड’ असं छापलेली बाजू झाकणाकडे. उलटा बसला तर ऑइलचा रस्ताच अडतो आणि इंजिन काही वेळातच खराब होतं. झाकण लावण्याआधी एकदा नव्हे, दोनदा बघा.

मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली बारीक फट. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे रात्रभर उभं राहिलेलं. पेट्रोलची टाकी काढा, स्पार्क प्लग काढा, डाव्या बाजूची टायमिंगची दोन झाकणं उघडा आणि क्रँक घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून ‘टी’ची खूण जुळवा. चारही रॉकर हाताला किंचित हलले पाहिजेत. हलत नसतील तर पिस्टन चुकीच्या स्ट्रोकवर आहे, आणखी एक पूर्ण फेरा द्या. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) इनटेकला ०.१० मिमी आणि एक्झॉस्टला ०.१२ मिमी ठेवा. पाती ओढताना हलका अडथळा जाणवला की बरोबर. लॉकनट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. गाडी गरम झाल्यावर लवकर चालू होत नसेल तर आधी इथेच बघा. टॅपेट घट्ट झाला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. टकटक ऐकू आली की लोक घाबरतात, पण आवाज एकदम बंद झालेला टॅपेट जास्त धोक्याचा.

आता प्ले, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. गाडीचा मागचा भाग जॅकवर घ्या. एक चाक वरून आणि खालून धरून हलवा. कटकट आवाज किंवा हालचाल जाणवली तर ॲक्सल कॅरिअरमधली बेअरिंग गेली आहेत. नंतर दोन्ही चाकं धरून ॲक्सल डावीकडे-उजवीकडे ढकला. तो सरकत असेल तर ॲक्सलवरचे शेजारी शेजारी असलेले दोन मोठे नट ढिले झालेत. ४००ईएक्सचा हा जुना आजार आहे. नट ढिला राहिला की हब ॲक्सलच्या स्प्लाइनवर आपटत राहतो, दाते झिजतात, आणि मग हबसकट ॲक्सल बदलावा लागतो. नट पूर्ण काढा, आटे साफ करून ग्रीस पुसा, लाल थ्रेडलॉक (आटे पक्के धरणारा द्रव) लावा, आतला नट मॅन्युअलच्या टॉर्कने आवळा, तो पातळ पान्याने धरून ठेवा आणि बाहेरचा त्याच्यावर आवळा. त्यानंतर नटपासून ॲक्सलपर्यंत पेंटची एक रेघ मारा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की नट हलला हे लगेच कळतं.

पुढची चाकंही अशीच जॅकवर घेऊन बघा. वरून आणि खालून धरून हलवल्यावर प्ले असेल तर बॉल जॉइंट किंवा चाकाची बेअरिंग. दोन्ही बाजूंनी धरून हलवल्यावर असेल तर टाय रॉडचे एंड. कुठला सांधा आहे ते कळायला एकाने चाक हलवावं आणि दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर बोट ठेवावं, बोटाला लगेच कळतं. स्विंगआर्मचा (मागचा ॲक्सल धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांड्याचा) पिव्हट बोल्ट एकदा तरी काढून ग्रीस करा. चिखलपाण्यात चालवलेल्या गाडीत तो गंजून बसतो आणि नंतर हातोडीलाही दाद देत नाही.

शेवटी पुढच्या चाकांची अलाइनमेंट. हँडल सरळ बांधून ठेवा, ॲक्सलच्या उंचीवर टायरच्या मध्यरेषेत पुढून आणि मागून अंतर मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा ३ ते ६ मिमी कमी असावं. दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवा, नाहीतर सरळ जाताना हँडल तिरकं राहील.

प्रश्न: चेन किती सैल ठेवायची? मी घट्ट केली तर घरघर करते, सैल केली तर स्विंगआर्मवर आपटते.

चेन मोजताना गाडी कशी उभी आहे यावर सगळं अवलंबून असतं. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट आणि मागचा ॲक्सल एका सरळ रेषेत आले की चेनवर सगळ्यात जास्त ताण येतो. शॉक काढून किंवा मागे दोघांना बसवून गाडी त्या स्थितीत आणा. तिथे चेन थोडी तरी हलली पाहिजे, १० मिमीच्या आसपास. मग गाडी मोकळी उभी करून मधोमध किती हलते ते मोजून लिहून ठेवा, तोच तुमच्या गाडीचा आकडा. ४००ईएक्सवर तो ३० ते ४० मिमीच्या दरम्यान येतो. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा. एके ठिकाणी घट्ट आणि दुसरीकडे सैल असेल तर चेन असमान ताणली गेली आहे, ती बदला. सोबत दोन्ही स्प्रॉकेटही बदला. जुन्या, हुकासारख्या वळलेल्या दात्यांवर नवी चेन घातली तर तीही लवकर जाते.

घट्ट चेन नुसती घरघरत नाही. उडी मारल्यावर शॉक दबला की ती गिअरबॉक्सच्या शाफ्टची आणि कॅरिअरची बेअरिंग ओढून काढते.

प्रश्न: दुबईहून. यामाहा रॅप्टर ७०० आहे, सुट्टीत अल बदायेरच्या वाळूवर जातो. ऑइल कमी होतंय आणि निळसर धूर येतो. इंजिन उघडावं लागेल का?

उघडण्याआधी दोन गोष्टी करा. पहिली, हवेच्या फिल्टरच्या मागच्या नळीत आत पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर वाळू आली तर कारण सापडलं. वाळवंटातली धूळ पिठाइतकी बारीक असते. फिल्टरच्या कडेवर जरा फट राहिली तरी ती आत जाते आणि रिंग, सिलिंडर घासून टाकते.

दुसरी, लीकडाउन टेस्ट. नुसत्या कॉम्प्रेशन गेजवर विश्वास ठेवू नका. या गाडीत चालू करताना कॉम्प्रेशन आपोआप थोडं सोडणारा ऑटो डीकॉम्प्रेसर आहे, त्यामुळे इंजिन ठणठणीत असलं तरी गेज कमीच दाखवतं. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये हवा सोडा आणि ऐका. सायलेन्सरमधून सूं आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटल बॉडीतून आला तर इनटेक, ऑइल भरायच्या तोंडातून आला तर रिंग, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. दोष रिंगचा निघाला तर सिलिंडर उघडणं आलंच. पण सगळीकडे शांत असेल, आणि धूर फक्त चालू करताना किंवा थ्रॉटल सोडल्यावर येत असेल, तर व्हॉल्व्हचे सील बघा. ते काम बरंच स्वस्त आहे.

यापुढे वाळूवरच्या प्रत्येक फेरीनंतर फिल्टर धुवा. फोम आधी फिल्टर क्लीनरमध्ये किंवा रॉकेलमध्ये, मग साबणाच्या कोमट पाण्यात. दाबून पिळा, कपड्यासारखा मुरगळू नका, जोडावरचा गोंद उसवतो. सावलीत पूर्ण वाळवा. फोम फिल्टर ऑइल सगळीकडे सारखं मुरेपर्यंत दाबा, जास्तीचं पिळून काढा. आणि ज्या कडेवर फिल्टर डब्याला टेकतो तिथे ग्रीसची पातळ रेघ लावा, हीच पायरी बहुतेक जण गाळतात. पेट्रोलने फिल्टर धुऊ नका. फोमचा गोंद सुटतो, आणि आगीचा धोका तर आहेच. दोन फिल्टर ठेवा, एक धुतलेला आणि ऑइल लावलेला पिशवीत तयार असू द्या.

पॅडल टायर (वाळू उपसणाऱ्या पात्यांचे) लावत असाल तर दिशेचा बाण बघून लावा आणि कडक जमिनीवर त्यांच्यावर फिरू नका, पाती झिजतात. वाळूवर इंजिन जास्त आरपीएमवर आणि गाडी कमी वेगाने चालते, त्यामुळे रेडिएटरला हवा कमी मिळते. रेडिएटरची जाळी मागच्या बाजूने हलक्या पाण्याने धुवा. जोराच्या पाण्याने पाती दबून बसतात.

प्रश्न: पेनसिल्व्हेनियाहून. ४००ईएक्सवर रेसिंग सायलेन्सर लावला, एअरबॉक्सचं झाकणही काढलं. आता थ्रॉटल सोडल्यावर फटफट आवाज होतो आणि मधेच गाडी अडखळते.

हवा वाढली, पेट्रोल तितकंच राहिलं, म्हणून मिश्रण पातळ झालं. पातळ मिश्रणाने इंजिन तापतं, म्हणून असं फार दिवस चालवू नका.

आधी सायलेन्सरच्या जोडांवर गळती आहे का बघा. गॅस्केट फुटलेलं असेल तरी फटफट होते आणि जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे बारीक छिद्राचे भाग) बदलून उपयोग नसतो. गळती नसेल तर ३८ मिमीचा केहिन कार्ब्युरेटर काढा. थ्रॉटल बंद ते पाव उघडा असताना पायलट जेट आणि फ्युएल स्क्रूचं काम चालतं, पाव ते पाऊण सुईचं, त्यापुढे मेन जेटचं. फटफट बंद थ्रॉटलवर आहे, म्हणून पायलट एक नंबर मोठा घ्या. अडखळतं ते मधल्या टप्प्यात असेल तर सुई एक खाच वर. पूर्ण थ्रॉटलवर दम कमी वाटला तर मेन जेट दोन नंबर मोठा. एका वेळी एकच बदल करा, दोन एकदम केले की काय चुकलं ते कळत नाही.

फ्युएल स्क्रू गरम इंजिनवर बसवा. हलक्या हाताने पूर्ण आत फिरवा, मग दीड फेरा बाहेर. तिथून हळूहळू फिरवत जिथे आयडल सगळ्यात वर जातं तिथे थांबा. ती जागा तीन फेऱ्यांच्या पलीकडे आली तर पायलट अजून लहान आहे. एका फेऱ्याच्या आत आली तर मोठा झाला.

आता सायलेन्सरबद्दल. अमेरिकेतल्या वनखात्याच्या जमिनीवर मान्यताप्राप्त स्पार्क अरेस्टर (सायलेन्सरमधून ठिणग्या बाहेर पडू न देणारा भाग) लागतो, आणि बऱ्याच ठिकाणी आवाजही मोजतात. सायलेन्सरच्या तोंडापासून २० इंचांवर, ४५ अंशात मायक्रोफोन धरून. कॅलिफोर्नियात १९८६ पासूनच्या गाड्यांना ९६ डेसिबलची मर्यादा आहे. तुमच्या सायलेन्सरमध्ये अरेस्टरची जाळी नसेल तर ती बसवा. असेल तर मधूनमधून काढून तारेच्या ब्रशने साफ करा. काजळीने ती बुजते आणि वरच्या आरपीएमला गाडी मरगळते. आमचा आग्रह असा की जंगलात मूळ सायलेन्सरच परत लावा. मोठा आवाज ऐकून जवळपास राहणारे लोक तक्रार करतात आणि वाटाच बंद होतात.

त्याच पैशात एक दात कमी असलेलं पुढचं स्प्रॉकेट घ्या. मूळ जोडी पुढे १५, मागे ३८ दात्यांची आहे. १४ केलं की ओढ सुमारे ७ टक्के वाढते. हळू, चढ्या वाटेवर क्लच न दाबता गाडी निघते. टॉप स्पीड तेवढाच कमी होतो, पण जंगलात तो लागतो कुठे?

प्रश्न: पुढचे ए-आर्म (पुढची चाकं चौकटीला जोडणारे दांडे) दोन-दोन इंच लांब करायचे आहेत. कॉर्नरला गाडी उलटायची भीती जाते म्हणतात. करू का?

आधी टेप घेऊन रुंदी मोजा. अमेरिकेतल्या अनेक ट्रेलवर ५० इंचांची मर्यादा असते आणि वाटेच्या तोंडाशी तेवढ्याच रुंदीची फाटकं असतात. रॅप्टर ७००आर मूळची ४६ इंच आहे. दोन्ही बाजूंना दोन-दोन वाढवले तर बरोबर ५० होतात. वायएफझेड ४५०आर तर ४९ इंचांची आहे, तिला काही वाढवायची गरजच नाही. लांब ए-आर्मला लांब टाय रॉड, लांब ब्रेक होज आणि वेगळ्या स्प्रिंगचे शॉक्सही लागतात. हा खर्च मोटोक्रॉस ट्रॅकवर वसूल होतो, झाडांमध्ये नाही.

त्याआधी आहेत ते शॉक्स नीट बसवा. पूर्ण पेहरावात गाडीवर बसा, दोनदा उसळी द्या आणि मागच्या ॲक्सलपासून वरच्या दांड्यापर्यंत अंतर मोजा. मग मागचा भाग उचलून चाकं लोंबकळताना तेच मोजा. फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या एक तृतीयांश असावा. रॅप्टर ७०० मध्ये मागची हालचाल सुमारे २५५ मिमी आहे, म्हणजे हा फरक (सॅग) ८५ मिमीच्या आसपास. जास्त बसत असेल तर स्प्रिंगचा कॉलर आवळा. शॉकवरचे क्लिकर (टप्प्याटप्प्याने फिरणारे स्क्रू) फिरवण्याआधी प्रत्येक क्लिकर पूर्ण आत नेऊन किती क्लिक होते ते लिहून ठेवा, म्हणजे परत मूळ जागी येता येतं. दगडांवर हाताला हिसके बसत असतील तर कॉम्प्रेशन (शॉक दबताना होणारा अडथळा) दोन क्लिक सैल. खड्ड्यातून मागचा भाग वर उसळत असेल तर रिबाउंड (शॉक परत उघडताना होणारा अडथळा) दोन क्लिक आवळा.

टायरचा दाबही बघून घ्या. साधारण ४ पीएसआय हा मूळ आकडा, टोकदार दगडांवर ५ ते ६. मोटारीचा गेज इतका कमी दाब नीट दाखवत नाही, ० ते १५ चा वेगळा गेज घ्या. मागच्या ॲक्सलला दोन्ही चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल नसतो, म्हणून दोन्ही मागच्या टायरचा परीघ सारखाच हवा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर तिथे टेप फिरवून मोजा, कित्येकदा दोष एवढाच असतो.

प्रश्न: ब्रेकचे मागचे पॅड बदलले तर चाक जाम झालं.

पार्किंग ब्रेकचा ॲडजस्टर मागच्या कॅलिपरवर असतो. नवे जाड पॅड घालण्याआधी त्याचा लॉकनट ढिला करून बोल्ट मागे फिरवावा लागतो, पॅड बसल्यावर पुन्हा सेट करायचा. कॅलिपरच्या सरकपिनाही साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा.

प्रश्न: सिंधुदुर्गातून. फार्महाऊसवर २५० सीसीची चिनी क्वाड आहे. पावसाळाभर झाकून ठेवली होती, आता स्टार्टर फिरतो पण चालू होत नाही. पार्टही मिळत नाहीत.

पेट्रोलपासून सुरू करा. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. कोकणातल्या दमट हवेत इथेनॉल पाणी ओढतं, आणि पाणी जास्त झालं की ते थर होऊन तळाशी बसतं, नेमकं जिथून नळी सुटते तिथे. टाकी पूर्ण रिकामी करा. कार्ब्युरेटरच्या वाटीचा ड्रेन स्क्रू उघडून काचेच्या बाटलीत घ्या. तळाला वेगळा थर दिसला की निदान झालं. वाटी उघडा, पायलट जेट काढा. त्याचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं, पोलादी तार घातली तर मोठं होतं. कार्ब क्लीनर आणि विजेच्या वायरमधला तांब्याचा एक धागा पुरतो. पेट्रोलची नळी कडक किंवा चिकट झाली असेल तर बदला.

तरीही चालू नाही? प्लग काढा, पेट्रोलपासून दूर इंजिनाला टेकवून स्पार्क बघा. नसेल तर किल स्विच आणि मागे लोंबणारी दोरीची पिन आधी तपासा, हवेने त्यांचे कॉन्टॅक्ट हिरवे पडतात. मग सीडीआय, म्हणजे स्पार्क सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा, त्याचा वायरचा प्लग काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. हवेचा डबाही उघडून बघा, पावसात उंदीर तिथे घरटं करतात.

पार्टचं म्हणाल तर बेअरिंग ही अडचण नाही. जुन्या बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. तो घेऊन बेअरिंगच्या दुकानात जा आणि त्याच नंबरचं, दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं २आरएस मागा. चेन बहुधा ५२० किंवा ४२८ असते, दोन्ही मोटारसायकलच्या दुकानात मिळतात. कार्ब्युरेटर अशा बऱ्याच गाड्यांवर पीझेड३० जातीचा असतो. अंगावरचा नंबर वाचून अख्खा नवा मागवणं दुरुस्तीपेक्षा सोपं पडतं. लीव्हर, प्लास्टिक आणि हब मात्र गाडी विकणाऱ्याकडूनच आधी घेऊन ठेवा.

पुढच्या जूनच्या आधी पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे वाटी रिकामी होते. टाकी रिकामी करा, बॅटरी घरात आणून महिन्यातून एकदा चार्ज करा, चेनवर जाड ऑइल, केबलमध्ये पातळ. सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबा आणि हँडलला त्याची चिठ्ठी बांधा. गाडी जमिनीवर न ठेवता चौकटीखाली विटा लावून उचला, आणि प्लास्टिकने घट्ट गुंडाळू नका. आत पाणी साठतं. कापडी कव्हर बरं.